सशाची शू लालसर-केशरी येतेय, रक्त असेल का?

गोदाकाठ (नाशिक)
नमस्कार मंडळी, जरा घाबरून लिहितेय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे एक ससा आहे, मादी आहे, नाव ढमी, वय साधारण ४ वर्षं, नसबंदीचं ऑपरेशन वगैरे काही केलेलं नाही. हॉलच्या कोपऱ्यात तिचा ट्रे असतो, खाली पेपर घालतो. परवापासून पेपरवर शूचे जे डाग पडतायत ते एकदम लालसर केशरी, गंजलेल्या नळातून पहिलं पाणी येतं ना तसे. आधी पिवळी असायची, कधीकधी दुधाळ. सासूबाई म्हणतात मादी आहे, पाळी आली असेल, त्यात काय एवढं. खातेय पितेय, लेंड्या नेहमीसारख्या गोल आणि सुक्या आहेत, संध्याकाळी सोफ्याखाली धुमाकूळ पण चालू आहे.

खायला लसूणघास (चाऱ्याच्या दुकानातून पेंडी आणतो, तिला भयंकर आवडते), पेलेट्स (सशांचं तयार गोळीखाद्य), कोथिंबीर, थोडं गाजर, आणि गेल्या आठवड्यापासून भाजी निवडताना लाल माठाचे देठ देतेय. पाणी बाटलीतून पिते. बाकी काही बदल नाही. ट्रेमध्ये पांढरा थर बसतो आणि कधीकधी टूथपेस्टसारखं घट्ट काहीतरी असतं, पण ते पहिल्यापासूनच आहे, कालथ्याने खरवडून काढते.

मेडिकलवाला म्हणाला युरिन इन्फेक्शन असेल, लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप घेऊन जा, २-२ थेंब द्या. देऊ का? इथे जवळ जे डॉक्टर आहेत ते गाईम्हशींचे आणि कुत्र्यांचे, ससा म्हटलं की तेच माझ्याकडे बघतात.

ससेवाली_डोंबिवली
ताई सिरप अजिबात देऊ नका!! आधी हे वाचा मग बाकीचं. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, सशाच्या तोंडातून गेली की आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि नको ते वाढतात, जुलाब लागून ससा दगावतो. माणसाच्या बाळाला चालतं म्हणून सशाला चालतं असं नाही. मेडिकलवाल्याचा दोष नाही, त्याला काय माहीत, पण बाटली घरात आणूच नका म्हणजे कोणी "थोडं देऊन बघू" म्हणायला नको.

दुसरं, सासूबाईंना सांगा सशांना पाळी येतच नाही. मांजरासारखंच त्यांच्यात नर भेटल्यावर बीज सुटतं, महिन्याच्या महिन्याला रक्त जायचा प्रकारच नाही. म्हणजे मादीच्या शूत खरंच रक्त असेल तर ते "नॉर्मल" कधीच नसतं.

आता दिलासा. शू लाल दिसली म्हणजे रक्तच, असंही नाही. माझ्याकडे आत्ता तीन आहेत, त्यांची शू फिकट पिवळी, हळदी, केशरी, चहासारखी, विटकरी असे सगळे रंग मी पाहिलेत आणि तिघंही ठणठणीत. पाल्याभाजीतले रंग आणि शरीरात तयार होणारी काही द्रव्यं लघवीतून बाहेर पडतात. बीट, गाजर, लाल कोबी ह्यांनी तर हमखास होतं. तुमच्या लाल माठात बीटासारखाच रंग असतो, त्यामुळे माझा पहिला संशय माठावर.

केदार_पी
माठच आहे, लिहून घ्या. आमचा बंट्या बीटाची साल खातो त्या रात्री बाथरूम बघून पाहुणे घाबरतात. एक गंमत करून बघा, पेपर काढा, पांढऱ्या फरशीवर किंवा पांढऱ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये तिला शू करू द्या आणि ताजी असतानाच बघा. बऱ्याच सशांची शू बाहेर येताना पिवळीच असते, हवा आणि उजेड लागला की तासाभरात केशरी होत जाते. तुम्ही सकाळी उठून रात्रभराचा सुकलेला पेपर बघताय आणि घाबरताय. माठ बंद करा, २-४ दिवसात उतरेल. काही होत नसतं हो, सशाच्या शूचा रंग बघत बसलं तर माणूस वेडा होईल.

शिकागोत_मराठी
थोडं अवांतर पण राहवलं नाही. इकडे हिवाळ्यात अंगणातल्या बर्फावर रानसशांची शू चक्क निळी दिसते! पहिल्या वर्षी मला वाटलं कोणीतरी शाई सांडली. बकथॉर्न नावाचं एक झुडूप आहे, बर्फात दुसरं काही मिळालं नाही की ससे त्याच्या फांद्या कुरतडतात, आणि त्यांची शू ऊन लागल्यावर निळी पडते. म्हणजे झाडपाल्यावर रंग किती बदलतो ते बघा. चालू द्या.

परभणी_व्हेट_इंटर्न
मी अजून शिकतोय, इंटर्नशिप चालू आहे, त्यामुळे इथे निदान करणार नाही. पण केदारदादा, "काही होत नसतं" हे तुमच्या बंट्याला ठीक आहे, तो नर आहे. ढमी ४ वर्षांची, ऑपरेशन न झालेली मादी आहे. ह्या वयाच्या माद्यांना गर्भाशयाचा कॅन्सर सशांमध्ये फार होतो, काही जातींमध्ये ४ वर्षांपुढच्या माद्यांत ६० टक्क्यांपर्यंत सापडलेला आहे. आणि त्याचं घरात दिसणारं पहिलं लक्षण बऱ्याचदा एकच असतं, शूबरोबर रक्त. ससा खात असतो, पळत असतो, सगळं मस्त. म्हणून "खातेय पितेय" ह्यावर निवांत राहू नका.

गोदाकाठ ताई, रंग किती लाल आहे ह्यापेक्षा लाल कसा आहे ते बघा. खाण्यातल्या रंगाची शू सगळी एकसारखी रंगलेली असते, सरबतासारखी. गर्भाशयातून रक्त येत असेल तर शू पिवळीच आणि त्यात वेगळे लाल ठिपके, धागे, गाठी, किंवा आधी साधी शू होते आणि शेवटी शेवटी लाल येतं. कधी शूशिवाय नुसताच थेंब पडलेला सापडतो, बसायच्या जागेवर, पायाच्या केसांना. मूत्राशयाला सूज असेल तर मात्र सगळी शू एकसारखी गुलाबी-लाल पण येऊ शकते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका.

घरी करण्यासारखं म्हणजे मेडिकलमधून लघवी तपासायच्या पट्ट्या आणा. साखर-प्रोटीनवाल्या दोनच खाने असलेल्या देतील, त्या नको, १० तपासण्यांची मागा, तिच्यात रक्ताचा खाना असतो. ट्रे साबणाने धुवून नीट खळबळून कोरडा करा, आत काही घालू नका, शू झाली की बिनसुईच्या सिरिंजने उचला आणि लगेच पट्टी भिजवा, डबीवर लिहिलेल्या सेकंदाला रंग जुळवा. उशिरा बघितलं तर सगळेच खाने रंग बदलतात. प्रोटीनचा खाना थोडा हिरवट झाला तर घाबरू नका, सशाची लघवी अल्कलाइन असते, पीएच ८ ते ९, त्यामुळे तो खाना खोटं बोलतो.

युट्यूबवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून फेस येतो का बघा असं सांगतात. रक्तावर फेस येतो हे खरं, पण घाण ट्रेमध्ये इतर गोष्टींवर पण येतो. आणि काहीजण त्याच ट्रेवर व्हिनेगर टाकून बघतात, त्याने तर निरोगी सशाच्या शूवर पण बुडबुडे येणारच, कारण तो पांढरा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडूच. दोन फेस वेगळे. दोन्ही बाटल्या एकत्र ओतू पण नका. नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चचं पण कोणी सुचवेल, दवाखान्यात तसा दिवा वापरतात, पण घरी पांढरा कागदच चमकतो आणि काही कळत नाही.

आणि हो, ती वारंवार ट्रेमध्ये जाऊन बसतेय, पाठ बाकदार करून जोर लावतेय, थेंब थेंब होतेय, किंवा शू अजिबातच होत नाहीये, असं दिसलं तर पट्टीबिट्टी सोडा आणि त्याच दिवशी दवाखाना. तसंच १२ तास खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही तरी.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, सिरप आणलं नाही. कॉलेज रोडच्या दोन मेडिकलमध्ये नुसत्या साखरेच्या पट्ट्या होत्या, शेवटी एका पॅथॉलॉजी लॅबमधल्या ओळखीच्या मुलीने १० वाल्या दिल्या. ट्रे धुतला, पेपर काढला, तर ही बाई पेपर नाही म्हणून ट्रेमध्ये जायलाच तयार नाही, समोर येऊन पाय आपटतेय. शेवटी रात्री ट्रेमध्ये कोथिंबिरीची काडी धरून बसले तेव्हा झालं.

ताजी शू पिवळी होती! गढूळ पिवळी. पट्टीवर रक्ताचा खाना जसाच्या तसा पिवळा राहिला. आणि केदारजी म्हणाले तसं थोडी शू तशीच ठेवली तर सकाळी केशरी झालेली. सासूबाईंनी पण येऊन बघितलं. माठ बंद केलाय, आज डाग बराच फिका आहे. म्हणजे सुटलो ना?

केदार_पी
म्हटलं नव्हतं? पेढे पाठवा.

परभणी_व्हेट_इंटर्न
पेढे थांबवा जरा. दोन गोष्टी.

गर्भाशयातलं रक्त रोज येत नाही, एक दिवस येतं मग आठवडाभर काहीच नाही असं होतं. त्यामुळे एक पट्टी स्वच्छ आली म्हणजे त्या वेळच्या शूत रक्त नव्हतं, एवढंच. अजून काही दिवस अधूनमधून बघत राहा.

दुसरं, आणि खरं तर मी ह्यासाठीच परत लिहितोय. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये जाता जाता लिहिलंत की टूथपेस्टसारखं घट्ट येतं आणि कालथ्याने खरवडावं लागतं. सगळेजण लालच्या मागे लागलो आणि हे राहून गेलं. मला लालपेक्षा त्या पांढऱ्याची काळजी वाटतेय.

बाकीची जनावरं खाण्यातलं कॅल्शियम लागेल तेवढंच आतड्यातून उचलतात, उरलेलं शेणातून जातं. सशाचं तसं नाही, तो समोर येईल तेवढं बरंचसं रक्तात घेतो आणि नको असलेलं किडनीतून बाहेर टाकतो. इतर प्राणी लघवीतून २ टक्क्यांपेक्षा कमी टाकतात, ससा ४५ ते ६० टक्के. म्हणून सशाची लघवी थोडी गढूळ, दुधाळ असणं नॉर्मल, सुकल्यावर पावडरीसारखा पांढरा डाग राहणं पण नॉर्मल. पण बाहेर येतानाच घट्ट, वाळूसारखी किंवा पेस्टसारखी असेल तर तो गाळ मूत्राशयात साचतोय असं समजायचं. ससा पाणी कमी पीत असेल, जाडा असेल, हलत कमी असेल, तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, वरची पातळ शू निघून जाते आणि गाळ तळाला बसून राहतो. आणि ह्यातला फसवा भाग म्हणजे तेव्हा शू कधीकधी अगदी स्वच्छ दिसते, कारण सगळा खडू आत असतो.

तिच्या मागच्या पायांच्या आतल्या बाजूला केस ओले, पिवळे किंवा गळलेले आहेत का? वजन किती? एकदा एक्स-रे काढाच असं मी म्हणेन.

केदार_पी
अरे बाबा पट्टी क्लियर आली तरी एक्स-रे? नाशिकहून पुण्याला न्यायचं, गाडीत तिला ताण, वर हजार-दोन हजाराला फोडणी. पांढरा डाग प्रत्येक सशाचा असतो.

ससेवाली_डोंबिवली
केदार, डाग आणि पेस्ट ह्यात फरक आहे. डाग ओल्या फडक्याने आणि थोड्या व्हिनेगरने निघतो. ताई कालथा वापरतायत. माझ्या एका सशाला हा त्रास झाला होता तेव्हा शू करताना दात खाण्याचा बारीक आवाज यायचा, आम्हाला वाटायचं खुशीत दात वाजवतोय. खुशीतला आवाज हलका आणि पटपट असतो, दुखतं तेव्हाचा करकर, थांबून थांबून, आणि अंग चोरून बसतो. ताई लक्ष देऊन ऐका.

गोदाकाठ
मागच्या पायांचे केस बघितले. आतून पिवळट आहेत आणि एका ठिकाणी कातडी लाल आहे. हे वरून दिसतच नाही, धरून उलटं केलं तेव्हा कळलं. वजन २ किलो ९०० भरलं, लेकाने स्वतःसकट काट्यावर उभं राहून. पुण्यात सशांचं बघणाऱ्या डॉक्टरांची वेळ घेतलीये. प्रवासाआधी तिला उपाशी ठेवायचं का, उलटी होईल म्हणून?

परभणी_व्हेट_इंटर्न
अजिबात नाही. ससा उलटी करूच शकत नाही, त्यामुळे उपाशी ठेवायचं काही कारणच नाही, उलट पोट रिकामं राहिलं की आतडी थांबतात आणि ते जास्त वाईट. ऑपरेशनच्या आधीसुद्धा सशाला कुत्र्या-मांजरासारखं रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. पिंजऱ्यात गवत भरपूर घाला, वाटेत काकडीचे काप किंवा ओली कोथिंबीर द्या, सकाळी लवकर निघा. ऊन वाढलंय, ३० डिग्रीच्या वर त्यांना त्रास होतो, गाडीत एसी नसेल तर पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा.

आणि उलटं करून धरू नका, पाठीवर टाकला की ससा गप्प पडतो ते भीतीने. झटक्यात मागचे पाय मारले तर मणका मोडतो. पाठ तुमच्या पोटाला टेकवून, मागचा भाग हाताने आधार देऊन बघायचं.

गोदाकाठ
जाऊन आलो. एक्स-रेमध्ये मूत्राशय एवढं पांढरं दिसतं की मला वाटलं हाडच आहे, डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं, लिंबाएवढा पांढरा गोळा. निरोगी सशात पण थोडं पांढरं दिसतं म्हणाले, पण हे फार आहे. खडा नाही, गाळ आहे, ही नशिबाची गोष्ट म्हणाले, कारण खडा असता तर पोट उघडावं लागलं असतं. सोनोग्राफी पण केली, गर्भाशयात आत्ता काही दिसत नाही.

कातडीखाली सलाईन दिलं, पाठीवर उंटासारखा फुगा आला होता, घरी येईपर्यंत जिरला. दुखण्याचं औषध दिलंय आणि ते दिल्यावर दुसऱ्याच दिवशी ती ट्रेमध्ये पूर्ण पाय पसरून शू करायला लागली, आधी अंग आखडून बसायची हे तेव्हा लक्षात आलं. पुढच्या आठवड्यात परत सलाईन आणि मग परत एक्स-रे. गाळ उतरला की गर्भाशय काढायचं ऑपरेशन करून घ्या म्हणाले, वाट बघू नका.

लसूणघास बंद सांगितलीये. मग ४ वर्षं जे दिलं त्याऐवजी काय देऊ? ऑनलाइन टिमोथी गवताची किंमत बघितली, त्यात आमच्या सगळ्यांची भाजी येईल.

ससेवाली_डोंबिवली
बरं झालं नेलंत. लसूणघास ही गवत नव्हे, ती कडधान्याच्या कुळातली, कॅल्शियम आणि प्रोटीन दोन्ही भरपूर. ५-६ महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना आणि पिल्लं पाजणाऱ्या मादीला ठीक, मोठ्या सशाला रोज नको. पेलेट्सच्या पिशवीवर पण बघा, बऱ्याच पेलेट्स अल्फाल्फाच्याच असतात, अल्फाल्फा म्हणजे तीच लसूणघास, मग पुढच्या दाराने घालवली ती मागच्या दाराने आली. एवढ्या वजनाला दिवसाला दोन चमचे पेलेट्स पुष्कळ झाल्या.

टिमोथीच पाहिजे असं काही नाही. दूर्वा म्हणजे हरळी, ताजी किंवा सावलीत वाळवलेली, उत्तम. फक्त देवळाबाहेरच्या जुड्या नको, कुठून आणल्यात आणि काय फवारलंय कळत नाही. तुमच्या नाशिक-नगरकडे दूधवाले मारवेल नावाचं चाऱ्याचं गवत लावतात, त्यांच्याकडे मागा, ओटचं वाळलेलं गवत मिळालं तरी चालेल. शेवग्याचा पाला, कढीपत्ता आणि पालक सध्या बाजूला ठेवा. पण कॅल्शियम अगदी शून्यावर पण आणायचं नाही, त्यांचे दात जन्मभर वाढतात, त्याला लागतं.

आणि बाटली काढून जड मातीचं पसरट भांडं ठेवा पाण्याला. बाटलीच्या गोळीला जीभ लावून लावून ते कंटाळतात, भांड्यातून जास्त पितात. भाजी धुतल्यावर निथळू न देता तशीच ओली द्या, तेवढंच पाणी पोटात.

केदार_पी
मी माझे शब्द अर्धे परत घेतो, माठाचं बरोबर होतं एवढं मात्र सोडणार नाही 😄 बंट्याच्या पायाचे केस आत्ताच बघितले, कोरडे आहेत. पेलेट्सची पिशवी बघितली, पहिलंच नाव अल्फाल्फा.

एक विचारायचं होतं, आमच्याकडे वाळलेलं गवत पावसाळ्यात टिकतच नाही, काळे ठिपके पडतात, झटकून दिलं तर चालतं का?

ससेवाली_डोंबिवली
नाही, बुरशी लागलेलं सगळं फेकायचं, झटकून काही होत नाही. जून ते सप्टेंबर मी थोडं थोडंच आणते, गोणपाटात ठेवते, प्लास्टिकमध्ये घाम धरतो. जमिनीवर नाही, स्टुलावर. हाताला गार आणि दमट लागलं किंवा कुबट वास आला की त्या दिवशी ताजी हरळी काढून आणायची, पाण्याने धुवून पंख्याखाली पसरायची आणि मगच द्यायची.